‘उतार’ आणि ‘बरे होणे’ : काळा आजार–एचआयव्ही सहसंसर्गावरील उपचारांचे चिकित्सक परीक्षण

सारांश : काळा आजार व एचआयव्ही यांचा सहसंसर्ग झालेल्या रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२२ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारतीय उपखंडापुरता त्यांचा मुख्य आधार म्हणजे पाटणा येथे १५० रुग्णांवर झालेली औषधचाचणी होय. संयुक्त उपचाराची शिफारस योग्य आहे, परंतु ज्या कालमर्यादेत रुग्ण ‘बरा’ ठरविला गेला ती या रोगाच्या स्वभावाशी जुळत नाही, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

बीजशब्द : काळा आजार, एचआयव्ही, सहसंसर्ग, पुनरुद्भव, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी, मिल्टेफोसिन, निर्मूलन.

प्रास्ताविक

रुग्णाच्या प्रकृतीविषयी बोलताना मराठी माणूस ‘उतार पडला’ आणि ‘बरा झाला’ असे दोन निरनिराळे शब्दप्रयोग करतो. ताप उतरला, अन्न जाऊ लागले, की उतार पडला. दुखणे पुन्हा येणार नाही अशी खात्री झाली, की माणूस बरा झाला. मधल्या काळात काही बिघडले तर आपण ‘दुखणे उलटले’ असे म्हणतो. वैद्यकातील औषधचाचण्यांचे अहवाल वाचताना हा साधा भेद ध्यानात ठेवावा लागतो. चाचणीला कोठेतरी थांबावे लागते आणि ती जेथे थांबते त्या दिवशीच्या रुग्णाच्या अवस्थेला ‘बरे होणे’ हे नाव मिळते. बहुतेक रोगांत त्याने फारसे बिघडत नाही. काळा आजार आणि एचआयव्ही एकाच शरीरात एकत्र आले असता मात्र पुष्कळ बिघडते.

काळा आजार हा लेशमॅनिया डोनोवानी या परजीवीमुळे होणारा व वाळूमाशीच्या दंशाने पसरणारा रोग होय. दीर्घकाळ टिकणारा ताप, अतोनात वाढलेली प्लीहा, रक्तक्षय आणि खंगत जाणारे शरीर ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू अटळ असतो. १९०३ मध्ये लीशमन व डोनोवान यांनी या परजीवीचे वर्णन केले, तर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांच्या युरिया स्टिबामाइनने असंख्य जीव वाचविले. महाराष्ट्रात या रोगाचे स्थानिक क्षेत्र नाही, त्यामुळे आपल्याकडील प्राध्यापकवर्गास तो पाठ्यपुस्तकातूनच परिचित असतो. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेशाचा पूर्वभाग हे त्याचे भारतातील घर होय.

दोन रोगांची गाठ

लेशमॅनियाचा परजीवी शरीरातील भक्षक पेशींमध्ये राहतो. ज्या पेशींनी शत्रूला गिळून नष्ट करावयाचे त्याच पेशींत तो संसार थाटतो. या पेशींना चेतविणाऱ्या सीडी-४ लसिकापेशींचा नाश एचआयव्ही करतो. परिणामी दोन्ही रोग एकमेकांना बळ देतात : परजीवीमुळे विषाणूची वाढ होते आणि विषाणूमुळे परजीवीला मोकळे रान मिळते.

उपचाराच्या दृष्टीने यातील मर्म असे की, काळ्या आजारावरील कोणतेही औषध परजीवीचा निःशेष नाश करीत नाही. औषध परजीवींची संख्या मोठ्या प्रमाणात घटविते आणि उरलेल्यांना दाबून ठेवण्याचे काम रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती करते. निरोगी प्रतिकारशक्तीचा रुग्ण म्हणूनच एका मात्रेने बरा होऊ शकतो. श्याम सुंदर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिहारमधील चाचणीत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या प्रति किलो १० मिलिग्रॅम एवढ्या एकाच मात्रेने ९५.७ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतरही रोगमुक्त राहिले होते. सीडी-४ पेशींची संख्या दोनशेच्या खाली गेलेल्या रुग्णात ही दुसऱ्या टप्प्यावरची पहारेकरी यंत्रणाच नाहीशी झालेली असते. त्याला पडतो तो उतार. एचआयव्हीविरोधी औषधे (एआरटी) सुरू केल्याने धोका कमी होतो, पण केवळ त्यांच्या भरवशावर पुनरुद्भव टळत नाही.

निदानातही हीच अडचण निराळ्या रूपाने येते. के-३९ प्रतिजनावर आधारलेली झटपट रक्तचाचणी भारतात पहिल्या वेळच्या रुग्णासाठी उत्तम चालते. परंतु तिने दिसतात ती प्रतिपिंडे, आणि ती रोग शमल्यावरही दीर्घकाळ रक्तात टिकतात. त्यामुळे आजार उलटला की नाही, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी प्लीहेतून किंवा अस्थिमज्जेतून नमुना घेऊन त्यात परजीवी प्रत्यक्ष पाहावा लागतो. प्लीहेत सुई घालणे हे कुशल हाताचे काम असून रक्तस्रावाच्या भीतीमुळे लहान रुग्णालये ते टाळतात.

शिफारशींची पूर्वपीठिका

अँटिमनीच्या क्षारांनी या रोगावर दीर्घकाळ राज्य केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर बिहारमध्ये परजीवी त्यांना दाद देईनासे झाले. शिवाय एचआयव्हीग्रस्तांमध्ये ही औषधे विशेष घातक ठरतात असे इथिओपियातील अनुभवावरून स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने २०१० मध्ये सहसंसर्गाच्या रुग्णांसाठी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनची प्रति किलो एकूण ४० मिलिग्रॅम मात्रा, १० सलाइनांत विभागून ३८ दिवसांत द्यावी असे सुचविले.

ही शिफारस कोठून आली हे पाहण्यासारखे आहे. सहसंसर्गाचा पहिला मोठा अनुभव दक्षिण युरोपातील होता. १९९० च्या दशकात स्पेन, इटली, फ्रान्स व पोर्तुगाल येथे प्रामुख्याने शिरेतून मादक द्रव्ये घेणाऱ्यांमध्ये हे रुग्ण आढळले, आणि दशकाच्या उत्तरार्धात प्रभावी एआरटी आल्यावर त्यांची संख्या घटली. तेथील परजीवी निराळा (लेशमॅनिया इन्फॅन्टम), यजमान निराळा (तेथे कुत्रा हा रोगाचा साठा असतो) आणि रुग्णालयेही निराळी. त्या अनुभवातून घडलेली मात्रा बिहारच्या सदर रुग्णालयाला आणि इथिओपियाच्या सखल प्रदेशातील दवाखान्याला लागू करण्यात आली. पुराव्याअभावी तसे करणे भाग होते हे मान्य केले, तरी तिच्यावर ‘तज्ज्ञांचे मत’ असा शिक्का ठळकपणे असणे आवश्यक होते. पुढे इथिओपियात तिची परीक्षा झाली तेव्हा जे दिसले ते उद्बोधक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, गरजेनुसार उपचार ५८ दिवसांपर्यंत वाढवूनही, केवळ ॲम्फोटेरिसिन मिळालेल्या गटात ५५ टक्के रुग्णांचेच परजीवी नाहीसे झाले. ॲम्फोटेरिसिनला मिल्टेफोसिनची जोड दिलेल्या गटात हे प्रमाण ८८ टक्के होते. जवळजवळ दशकभर जी मात्रा प्रमाण मानली गेली, तिची तेथील परिणामकारकता निम्म्याहून थोडी अधिक होती असा याचा अर्थ होतो.

पाटण्याची चाचणी

भारतासाठी निर्णायक ठरलेली चाचणी पाटणा येथील राजेंद्र स्मारक वैद्यकीय संशोधन संस्थेत झाली आणि तिचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यामागे बिहारमधील एका दशकाचे काम होते. ‘मेदसां साँ फ्राँतिए’ ही संस्था २००७ पासून वैशाली जिल्ह्यात हाजीपूर येथे काळ्या आजाराचे रुग्ण तपासत होती. तिच्याच नोंदींवरून २०१४ मध्ये असे दाखविण्यात आले की, चौदा वर्षांवरील २,०७७ रुग्णांची एचआयव्ही तपासणी केली असता ५.६ टक्के बाधित निघाले आणि एकूण रुग्णांपैकी २.४ टक्क्यांना आपल्याला एचआयव्ही आहे याची तोपर्यंत कल्पनाही नव्हती. यापूर्वी ज्याला काळ्या आजाराचा ‘हट्टी’ रुग्ण म्हणून पुन्हा पुन्हा तेच औषध दिले गेले असेल, तो यांच्यापैकीच एक असण्याचा संभव मोठा आहे.

चाचणीत १५० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. पहिल्या गटास केवळ लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, प्रति किलो एकूण ४० मिलिग्रॅम देण्यात आले. दुसऱ्या गटास तेच औषध ३० मिलिग्रॅम, एक दिवसाआड सहा सलाइनांत, आणि सोबत १४ दिवस मिल्टेफोसिनच्या गोळ्या देण्यात आल्या. २१० व्या दिवशी पहिल्या गटातील ७५ पैकी ६४ रुग्ण (८५ टक्के) हयात व पुनरुद्भवमुक्त होते, तर दुसऱ्या गटातील ७५ पैकी ७२ (९६ टक्के). गंभीर दुष्परिणाम दोन्हीकडे विरळा व सारखेच होते. याच आधारावर आग्नेय आशिया विभागासाठी १४ दिवसांच्या व पूर्व आफ्रिकेसाठी २८ दिवसांच्या मिल्टेफोसिनसह संयुक्त उपचाराची शिफारस करण्यात आली.

या चाचणीचे श्रेय मोठे आहे. ज्या रुग्णांना नव्या औषधांच्या चाचण्यांतून ‘गुंतागुंतीचे’ म्हणून नेहमी वगळले जाते, त्यांच्याचसाठी ती योजली गेली. शिवाय परजीवीची जाती एकच असूनही भारत व आफ्रिका यांचे पुरावे स्वतंत्रपणे तोलण्यात आले, ही २०१० च्या शिफारशीतील दोषाची दुरुस्तीच होय. मार्गदर्शक तत्त्वांनी स्वतःची शिफारस ‘सशर्त’ आणि पुराव्याची निश्चिती ‘अत्यंत कमी’ असल्याचे लिहिले आहे, हाही प्रामाणिकपणा म्हटला पाहिजे. दोन्ही गटांतील अंतर आठ रुग्णांचे आहे, ही गोष्ट टक्केवारी वाचताना सहज विसरली जाते. मात्र इथिओपियाची चाचणी त्याच दिशेने बोट दाखविते, म्हणून प्रस्तुत लेखकास संयुक्त उपचाराची निवड योग्यच वाटते.

आणखी एक बाब अहवालाच्या मथळ्यात न मावणारी, पण कदाचित सर्वांत महत्त्वाची आहे. १५० पैकी २८ रुग्णांना, म्हणजे १९ टक्क्यांना, त्याच वेळी क्षयरोगही होता. क्षयाचे रुग्ण वगळून हिशेब केला असता दोन्ही गटांतील यशाचे प्रमाण वाढते. येथे तीन रोग एकत्र नांदतात आणि त्यांतील तिसऱ्याचा शोध न घेता दुसऱ्यावरील औषधांची तुलना करीत बसणे अपुरे आहे. ताप, वजनातील घट, सुजलेल्या गाठी ही लक्षणे क्षयाची व काळ्या आजाराची सारखीच असल्याने एक सापडला की दुसऱ्याचा शोध थांबतो.

दोनशे दहा दिवस

आता मूळ आक्षेपाकडे वळता येईल. २१० दिवस, म्हणजे उपचारांनंतर साधारण सहा महिने, ही कालमर्यादा काळ्या आजाराच्या चाचण्यांत रूढ आहे. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांच्या बाबतीत ती समर्थनीय ठरते, कारण त्यांच्यातील बहुतेक पुनरुद्भव या काळातच दिसून येतात. सहसंसर्गाच्या रुग्णांना तोच गज लावण्याचे कारण सोय हेच असावे.

याची साक्ष बिहारमधूनच मिळते. २०१२ ते २०१४ या काळात याच संयुक्त पद्धतीने उपचार घेतलेल्या १०२ रुग्णांचा पाठपुरावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांअखेर त्यांच्यातील पुनरुद्भवाचे संचित प्रमाण सुमारे अडीच टक्के होते, बारा महिन्यांअखेर ते सहा टक्क्यांवर गेले आणि अठरा महिन्यांअखेर जवळजवळ चौदा टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे २१० व्या दिवशी वही मिटली असती, तर पुढे ज्यांचे दुखणे उलटले त्यांतील बहुतेक रुग्ण ‘बरे’ म्हणून नोंदले गेले असते. पाटण्याच्या चाचणीतील ९६ टक्के हा आकडा खोटा नाही. तो उताराचा आकडा आहे, एवढेच.

दुसरी तफावत मृत्यूची आहे. त्या १०२ रुग्णांमध्ये सहा महिन्यांतच सुमारे बारा टक्के दगावले होते. चाचणीत मात्र संयुक्त गटातील मृत्यू व पुनरुद्भव मिळून केवळ तीन. औषध तेच, मात्रा तीच, प्रदेशही तोच. फरक पडला असेल तर तो रुग्णांच्या निवडीचा, क्षयाच्या कसून केलेल्या शोधाचा, वेळेवर सुरू झालेल्या एआरटीचा आणि संशोधनसंस्थेतील शुश्रूषेचा. हे खरे असेल तर ९६ टक्क्यांतील काही वाटा औषधाचा नसून त्याभोवतीच्या देखभालीचा आहे, आणि तो गोळ्यांच्या पाकिटाबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविता येत नाही. ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडांवर ताण देते आणि एआरटीमधील टेनोफोव्हिरही देते. दोन्ही एकत्र चालू असताना क्रिएटिनिनची तपासणी वेळच्या वेळी होणे ही अशा देखभालीची अगदी किमान पायरी होय.

औषध कोणाला मिळते

मिल्टेफोसिन गर्भास घातक आहे. प्रजननक्षम वयाच्या स्त्रीला ते देण्यापूर्वी गर्भचाचणी आवश्यक असून औषध चालू असताना व संपल्यानंतरही पाच महिने खात्रीशीर गर्भनिरोधन करावे लागते. गर्भवतीसाठी पर्याय उरतो तो केवळ ॲम्फोटेरिसिनचा, म्हणजे ज्या गटात ८५ टक्के यश मिळाले त्याचा. वरकरणी ही वैद्यकीय सावधगिरी आहे. परंतु उत्तर बिहारच्या ग्रामीण कुटुंबात, पती परगावी कामाला असताना, एचआयव्हीबाधित स्त्रीला गर्भनिरोधनाविषयी कोण विचारणार, आणि तिने दिलेल्या उत्तरावर डॉक्टर कितपत विसंबणार? संशय आला की गोळी न देणे हा डॉक्टरचा सुरक्षित मार्ग ठरतो आणि स्त्रीच्या वाट्याला कमी परिणामकारक उपचार येतो. मार्गदर्शक तत्त्वांनी धोक्याचा इशारा दिला, तो आवश्यकच होता. त्या इशाऱ्याचा सामाजिक भार कोणावर पडतो, हा प्रश्न मात्र त्यांनी प्रत्यक्ष दवाखान्यावर सोडून दिला आहे.

औषधाच्या उपलब्धतेची कथाही थोडक्यात सांगावी अशी आहे. मिल्टेफोसिन हे मुळात कर्करोगासाठी घडविलेले द्रव्य. काळ्या आजारावरील त्याचा गुण बिहारच्या रुग्णांवरील चाचण्यांतून सिद्ध झाला आणि २००२ मध्ये भारतात त्यास मान्यता मिळाली. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेत त्याला मान्यता मिळताच दुर्लक्षित रोगांवरील औषधांसाठी तेथे दिले जाणारे ‘अग्रक्रम परीक्षणाचे’ अधिकारपत्र कॅनडाच्या नाइट थेरप्युटिक्स या कंपनीला मिळाले आणि तिने ते त्याच वर्षी साडेबारा कोटी डॉलरना विकले. विकत घेणारी कंपनी होती गिलियड, म्हणजे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनची मूळ उत्पादक. तिने आपले औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत काळ्या आजारासाठी २०११ च्या करारान्वये देणगीदाखल दिले, हेही नमूद केले पाहिजे. मात्र देणगीचा हिशेब साध्या रुग्णावरून होतो. चाळीस किलो वजनाच्या साध्या रुग्णास एका मात्रेसाठी ५० मिलिग्रॅमच्या आठ कुप्या पुरतात, तर त्याच वजनाच्या सहसंसर्गाच्या रुग्णास चोवीस. दुखणे उलटले की पुन्हा चोवीस.

निर्मूलनाच्या आकड्यातील जागा

काळ्या आजाराच्या निर्मूलनाचे भारतीय उद्दिष्ट २०१० पासून २०१५, २०१७, २०२० असे सरकत २०२३ वर आले. गटपातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, ही त्याची व्याख्या. २०११ मध्ये देशात ३३,१८७ रुग्ण नोंदले गेले होते, तर २०२३ मध्ये ही संख्या सहाशेहून कमी झाली आणि सर्व गट लक्ष्याच्या आत आले. ही कामगिरी थोर आहे. तिच्यावर बोट ठेवण्याचा येथे हेतू नाही.

प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. दोन लाख वस्तीच्या गटात एकोणीस रुग्ण असले तरी व्याख्येनुसार निर्मूलन झालेले असते. त्या एकोणिसांत एचआयव्हीबाधित किती, हे व्याख्या विचारीत नाही. साधे रुग्ण एका मात्रेने बरे होत जातील, तसतसे सहसंसर्गाच्या रुग्णांचे शिल्लक रुग्णांतील प्रमाण वाढत जाणे ओघानेच आले. स्पेनमधील प्रयोगांत, अशा रुग्णांच्या रक्तावर पोसलेल्या वाळूमाश्यांना परजीवीची लागण होते हे दिसून आले आहे. ज्याचे दुखणे वारंवार उलटते तो दर खेपेस माशीला परजीवी पुरवू शकतो. मलेरियाविरोधी डीडीटी फवारणीने काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला होता. फवारणी थांबल्यानंतर १९७७ च्या सुमारास उत्तर बिहारमध्ये त्याची प्रचंड साथ उसळली. मधल्या काळात परजीवी कोठे होता? उपचारानंतर त्वचेवर चट्टे उमटणाऱ्या रुग्णांकडे संशोधकांनी तेव्हा बोट दाखविले. आज त्यांच्या जोडीला एचआयव्हीबाधितही आहेत.

येथे स्थलांतराचा धागा येतो आणि महाराष्ट्राचा संबंधही. इथिओपियात डोंगराळ भागातील मजूर तिळाच्या शेतांवर हंगामी कामासाठी सखल प्रदेशात उतरतात व तेथे त्यांना काळा आजार गाठतो. बिहारच्या मजुराचा प्रवास बहुधा उलट्या दिशेचा आहे. काळा आजार त्याच्या गावात असतो आणि एचआयव्हीची लागण त्याला दूरच्या शहरात होण्याचा संभव अधिक. ती शहरे म्हणजे दिल्ली, सुरत आणि आपली मुंबईही. मुंबई-ठाणे-पुण्याच्या एखाद्या एआरटी केंद्रावर दीर्घ ताप व मोठी प्लीहा घेऊन आलेल्या रुग्णास ‘मूळ गाव कोणते’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर क्षय आणि मलेरिया यांपलीकडे तपासणी जाणार नाही. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ‘महाराष्ट्रात न आढळणारा रोग’ म्हणून हा धडा उरकला जातो, त्याचा तोटा अशा वेळी होतो.

पुनरुद्भव टाळण्यासाठी उपचारानंतर ठरावीक अंतराने औषध देत राहण्याचा मार्ग सुचविला जातो. इथिओपियात ७४ रुग्णांना दरमहा पेंटामिडिन दिले असता वर्षाअखेर सुमारे ७१ टक्के पुनरुद्भवमुक्त राहिले. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून यातील किती यश औषधाचे हे सांगता येत नाही. बिहारसाठी असा निर्णय घ्यावयाचा तर त्यासाठी निदान अठरा महिन्यांची, तुलनात्मक चाचणी हवी, आणि रुग्णसंख्या घटत असताना ती दरवर्षी अधिकाधिक अवघड होणार आहे. तोवर एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. हा रुग्ण एआरटीसाठी केंद्रावर येतच राहतो. काळ्या आजाराचा कार्यक्रम त्याला सहा महिन्यांनी यादीतून कमी करीत असला, तरी एआरटी केंद्राच्या पत्रिकेवर त्याच्या उपचाराची तारीख लिहून पुढील दीड वर्ष प्रत्येक भेटीत तापाची चौकशी करणे, वजन पाहणे आणि पोट चाचपून प्लीहा वाढली आहे काय ते नोंदविणे, यासाठी कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.